योगायोगामागे कुणाचा तरी हात का दिसतो?

मोजणीदार

२२ नोव्हेंबर १९६३. डॅलसमध्ये दुपारचं लख्ख ऊन होतं. राष्ट्राध्यक्ष केनेडींची मोटार जिथे गोळ्यांच्या टप्प्यात आली, तिथेच रस्त्याच्या कडेला एक माणूस काळी छत्री उघडून उभा होता. पाऊस नाही, आजूबाजूला दुसऱ्या कुणाची छत्री उघडलेली नाही. छायाचित्रांत ती छत्री दिसते. मग तर्क सुरू झाले: तो मारेकऱ्यांना इशारा होता, छत्रीत विषारी बाण सोडायची सोय होती, वगैरे. १९७८ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे तो माणूस स्वतः हजर झाला. केनेडींचे वडील लंडनमध्ये राजदूत असताना त्यांनी ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांच्या हिटलरला चुचकारण्याच्या धोरणाला पाठिंबा दिला होता. चेंबरलेन आणि त्यांची छत्री हे समीकरणच होतं, म्हणून केनेडींना डिवचायला आपण छत्री नेली, असं त्याने सांगितलं.

इतक्या वर्षांत हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. खरं कारण सगळ्या तर्कांपेक्षा जास्त विचित्र निघालं, आणि तरी त्यात कट नव्हता. मला वाटतं, कुठल्याही चौकातलं कुठलंही एक मिनिट शेकडो लोकांनी चौकटीगणिक तपासलं, तर असं काहीतरी सापडेलच. बाकीच्या मिनिटांकडे कुणी इतक्या बारकाईने बघत नाही, म्हणून तिथल्या छत्र्या आपल्याला दिसत नाहीत.

धागा काढायचं कारण हे की योगायोगावर बोलताना आपण बहुतेक वेळा चुकीचा प्रश्न विचारतो. 'हे घडण्याची शक्यता किती?' असं आपण घटना घडून गेल्यावर, नेमक्या त्याच घटनेबद्दल विचारतो. उत्तर अर्थातच 'जवळजवळ शून्य' असं येतं. विचारायला हवं ते असं: ज्याने मला इतकंच आश्चर्य वाटलं असतं असं काहीही, कुठेही, कधीही घडण्याची शक्यता किती?

दोन्ही प्रश्नांच्या उत्तरांत प्रचंड फरक पडतो. २३ माणसं एका खोलीत असली तर त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या थोडी वर जाते. २३ हा आकडा लहान वाटतो, कारण आपण नकळत स्वतःची तारीख धरून २२ तुलना करतो. प्रत्यक्षात २३ माणसांच्या जोड्या २५३ होतात. योगायोग या जोड्यांमध्ये लपलेले असतात आणि जोड्या मोजायची आपल्याला सवय नसते.

बल्गेरियात ६ सप्टेंबर २००९ च्या सोडतीत ४, १५, २३, २४, ३५, ४२ हे आकडे निघाले. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, पुढच्याच सोडतीत तेच सहा आकडे पुन्हा. देशभर गदारोळ झाला, क्रीडामंत्र्यांनी चौकशी लावली, गैरप्रकार सापडला नाही. ४२ पैकी ६ आकडे निवडायच्या सुमारे ५२ लाख तऱ्हा आहेत, त्यामुळे ठरावीक दोन सोडती जुळण्याची शक्यता ५२ लाखांत एक. पण सुमारे २७०० सोडती झाल्या की त्यांतल्या *कुठल्या तरी* दोन जुळण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. लागोपाठच्या जुळणं याहून खूप दुर्मीळ, हे मान्य. पण जगभरात किती देशांत, किती दशकं, आठवड्यातून किती वेळा सोडती निघत आल्या आहेत? कुठेतरी हे होणारच होतं, आणि जिथे झालं तिथल्या लोकांना ते अशक्य वाटणारच होतं.

११ सप्टेंबर २००२ ला, हल्ल्याच्या पहिल्या स्मृतिदिनी, न्यूयॉर्कच्या तीन आकडी सोडतीत संध्याकाळी ९-१-१ आलं. ऐकून अंगावर काटा येतो. पण तीन आकड्यांत हजारच शक्यता असतात आणि तिथे दिवसातून दोनदा सोडत निघायची. म्हणजे पाचशेत एक.

मला छळणारा प्रश्न याच्या पुढचा आहे. 'विलक्षण आहे' इथपर्यंत मीही सगळ्यांबरोबर येतो. पण तिथून 'म्हणजे कुणीतरी केलंय' ही उडी मन का घेतं? फ्रिट्झ हायडर आणि मेरियन झिमेल यांनी १९४४ मध्ये लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली. दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकट, इतकंच. जवळजवळ प्रत्येकाने त्यात माणसं पाहिली: मोठा त्रिकोण दांडगाई करतोय, वर्तुळ घाबरलंय, धाकटा त्रिकोण त्याला सोडवतोय. हलणाऱ्या आकृतीला हेतू चिकटवायला आपल्याला क्षणभरही लागत नाही. मग हजारो माणसांचा जीव घेणाऱ्या घटनेला हेतू नाही, हे मन कसं मान्य करणार?

तुमची मतं वाचायला आवडेल. वेगळी असली तर जास्तच.

---

पडताळा

धागा आवडला. लिंकन आणि केनेडी यांच्यातल्या साम्यांची यादी इथे यायलाच हवी, कारण ती कशी तयार होते हे बघण्यासारखं आहे. लिंकन १८४६ मध्ये प्रतिनिधिगृहावर निवडून आले, केनेडी १९४६ मध्ये. राष्ट्राध्यक्षपदी १८६० आणि १९६०. दोघांनाही शुक्रवारी गोळी लागली. दोघांनंतर जॉन्सन आडनावाचे उपाध्यक्ष गादीवर आले, एक जन्मले १८०८ मध्ये, दुसरे १९०८ मध्ये. हे सगळं खरं आहे.

पण त्याच यादीत 'लिंकनच्या सचिवाचं नाव केनेडी होतं' हेही फिरतं. त्याला कुठलाही पुरावा नाही. लिंकनचा मारेकरी बूथ १८३९ चा आणि केनेडींचा मारेकरी ऑस्वाल्ड १९३९ चा, असंही असतं. बूथ जन्मला १८३८ मध्ये. चार खरी साम्यं सापडली की पाचव्याला कुणी तपासत नाही. अशी यादी हातोहात फिरताना वाढत जाते.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या 'स्केप्टिकल इन्क्वायरर' या नियतकालिकाने राष्ट्राध्यक्षांमधली अशी साम्यं शोधायची स्पर्धाच लावली. एका विजेत्याने केनेडी आणि मेक्सिकोचे अध्यक्ष ओब्रेगॉन यांच्यात सोळा साम्यं काढली. दुसऱ्याने अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या एकवीस जोड्यांसाठी याद्या पाठवल्या. प्रत्येक माणसाच्या आयुष्यात तारखा, नावं, गावं, नातलग मिळून शेकडो तपशील असतात. कुठलीही दोन आयुष्यं शेजारी ठेवा आणि न जुळलेलं सगळं गाळून टाका. यादी तयार.

---

वाटसरू

हे सगळं पटतं, पण मोबाइलचं काय? एखाद्या वस्तूबद्दल आपण नुसतं तोंडी बोलतो, कुठे शोधतही नाही, आणि संध्याकाळी तिची जाहिरात समोर येते. माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. सगळ्यांनाच योगायोग?

---

मोजणीदार

@वाटसरू, इथे मी 'नुसता योगायोग' म्हणणार नाही. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये सतरा हजारांहून जास्त अँड्रॉइड अॅप तपासली. माइक गुपचूप चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही सापडलं नाही. काही अॅप पडद्यावर काय चाललंय ते टिपून तिसऱ्याच कंपनीला पाठवताना मात्र सापडली, आणि ती काळजीचीच गोष्ट आहे.

बोलणं आणि जाहिरात यांचा संबंध बऱ्याचदा खरा असतो, फक्त आपण समजतो त्या दिशेने नसतो. ज्या मित्राशी तुम्ही बोललात त्याने ती वस्तू आधी शोधलेली असते, तुम्ही दोघं एकाच वाय-फायवर असता, वयोगट आणि आवडी सारख्या असतात. ज्या कारणामुळे विषय निघाला, त्याच कारणामुळे जाहिरातही आली. शिवाय न बोललेल्या वस्तूंच्या शेकडो जाहिराती रोज डोळ्यांसमोरून जातात, त्यांची नोंद कोण ठेवतं?

म्हणून 'योगायोग की कट' अशी दोनच दारं ठेवू नयेत. समान कारण हे तिसरं दार आहे, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

---

निळी शाई

माझा विरोध नोंदवते. या पद्धतीचं लेखन सत्तेत असलेल्यांना फार सोयीचं पडतं. शंका घेणाऱ्याला 'तुम्हाला संभाव्यता कळत नाही' म्हटलं की काम झालं. टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवलं. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. तंबाखू कंपन्यांना स्वतःच्या मालाचे परिणाम माहीत होते आणि त्यांनी ते दडवले. हे कटच होते. ज्यांनी आधी शंका घेतली ते भ्रमिष्ट नव्हते.

आणि आकडे नेहमी 'योगायोगच' म्हणतात असंही नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात मोठी बक्षिसं लॉटरीची तिकिटं विकणाऱ्या दुकानदारांनाच लागतायत असं एका वृद्ध ग्राहकाच्या तक्रारीनंतर पुढे आलं. २००६ मध्ये टोरांटोतले संख्याशास्त्रज्ञ जेफ्री रोझेन्थाल यांनी हिशोब केला. विक्रेत्यांना सात वर्षांत साधारण ५७ मोठी बक्षिसं लागायला हवी होती, लागली होती सुमारे २००. ग्राहकांची तिकिटं तपासताना काही विक्रेते ती लाटत होते. तिथेही कुणी 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली' म्हणून सोडून दिलं असतं, तर?

---

मोजणीदार

@निळी शाई, तुमचा प्रतिसाद या धाग्याला हवाच होता. टस्कीगीबद्दल एका अक्षरानेही असहमती नाही. कट होतात.

ते उघडकीला कसे आले, हे मात्र बघू. टस्कीगी आतल्या माणसाने पत्रकारांपर्यंत माहिती पोचवली म्हणून बाहेर आलं. तंबाखूचं प्रकरण कंपन्यांच्या स्वतःच्या कागदपत्रांमुळे फुटलं. छत्र्या, तारखा आणि नावांची साम्यं जुळवून यांतलं काहीच उघड झालेलं नाही.

ओंटारिओचं उदाहरण तर मी स्वतः वापरेन, कारण योगायोगावर शंका घ्यायची योग्य रीत तिथे दिसते. प्रश्न नेमका होता: विक्रेते जास्त जिंकतात का? मोजणी सगळ्या मोठ्या बक्षिसांची झाली, फक्त संशयास्पद वाटलेल्यांची नाही. अपेक्षित आकडा वेगळा काढला. चोरी करायचा मार्ग रोजच्या व्यवहारात समोर होता: तिकीट दुकानदाराच्या हातात जातं. आणि निष्कर्ष आल्यावर तपास थांबला नाही, तिथून तो सुरू झाला. बल्गेरियातही चौकशी झाली ते योग्यच होतं. शंका घेऊन तपासणं आणि शंकेलाच पुरावा समजणं यांत जे अंतर आहे, तेवढ्यापुरताच माझा वाद आहे.

---

भरती ओहोटी

मी इथे फारशी लिहीत नाही. निळी शाई आणि मोजणीदार दोघांचंही वाचलं आणि एक राहून गेल्यासारखं वाटलं.

घरातलं तरुण माणूस अचानक गेलं की पहिले काही महिने मन फक्त जोडण्या शोधतं. आमच्याकडे तेच झालं. त्या दिवशी डॉक्टर बदलले होते, एक तपासणी पुढे ढकलली होती, कुणीतरी फोन उचलला नव्हता. रात्री झोप लागायची नाही आणि या गोष्टी एकमेकींना आपोआप चिकटायच्या. कुणी तेव्हा मला संभाव्यता समजावली असती, तर मी त्या माणसाशी बोलणं सोडलं असतं. कुणाचा तरी दोष आहे असं म्हटलं की निदान रागाला जागा मिळते. कुणाचाच नाही म्हटलं की काय करायचं ते कळत नाही.

ज्यांना कट दिसतात त्यांच्यातले बरेच जण अशा जागी उभे असतील. मोठ्या दुर्घटनांनंतर तर अख्खे समाज तिथे उभे असतात.

---

कोरा कागद

@भरती ओहोटी, मनापासून लिहिलंत, आभार. तुम्ही म्हणता त्याच्या जवळपास जाणारं संशोधन आहे. जेनिफर व्हिटसन आणि अॅडम गॅलिन्स्की यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रयोग प्रसिद्ध केले. परिस्थिती आपल्या हाताबाहेर आहे असं ज्यांना जाणवून दिलं, त्यांना नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळातही आकृत्या जास्त दिसल्या आणि गोष्टींत कटही जास्त दिसले. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक आलेला नाही, तेव्हा जपून वापरावा.

दुसरं, परिणाम मोठा तर कारणही मोठंच हवं, ही ओढ. मॅकॉली आणि जॅक्स यांनी १९७९ मध्ये लोकांना राष्ट्राध्यक्षांवर गोळी झाडल्याची गोष्ट सांगितली. काहींच्या गोष्टीत ते मरतात, काहींच्या गोष्टीत वाचतात. मेल्याच्या गोष्टीत लोकांना कट जास्त संभवनीय वाटला. एकट्या, अपयशी तरुणाने जगाचा इतिहास फिरवावा, हे प्रमाणात बसत नाही. १९८१ मध्ये रेगन यांच्यावर गोळीबार झाला, ते वाचले. त्याच्या कटाच्या कथा तुम्ही किती ऐकल्यात?

पण 'कट मानणाऱ्यांना यादृच्छिकता, म्हणजे निव्वळ योगाने घडणं, कळत नाही' हे सरसकट विधान करू नये. २०१५ मध्ये डिएगेझ, वाग्नर-एगर आणि गोव्रित यांनी लोकांना नाणेफेकीसारख्या मालिका दाखवून हेच तपासलं. कटांवर विश्वास ठेवणारे त्यात इतरांपेक्षा वेगळे निघाले नाहीत. २०१८ मध्ये फान प्रोयेन आणि सहकाऱ्यांना मात्र संबंध सापडला. वाद मिटलेला नाही. माझं मत असं की यादृच्छिक मालिका वाचण्यात आपण सगळे सारखेच कच्चे आहोत. फरक पडतो तो त्या वाचनाला पुढे कुठली गोष्ट जोडतो आणि कुणावर आधीपासून अविश्वास आहे, यात.

---

पडताळा

याला जोडून एक. १८ ऑक्टोबर २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये 'इव्हेंट २०१' नावाचा सराव झाला. काल्पनिक कोरोनाविषाणूची जागतिक साथ आली तर काय करायचं, हा विषय. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ, जागतिक आर्थिक मंच आणि गेट्स फाउंडेशन यांनी तो भरवला. काही आठवड्यांतच खरी साथ. एवढंच ऐकलं तर कुणालाही शंका येईल.

पण जॉन्स हॉपकिन्सच्याच तज्ज्ञांच्या गटाने मे २०१८ मध्ये 'क्लेड एक्स' नावाचा सराव घेतला होता, २००५ मध्ये 'अटलांटिक स्टॉर्म', त्याआधी जून २००१ मध्ये देवीच्या साथीवरचा 'डार्क विंटर'. त्यानंतर त्या साथी आल्या नाहीत, म्हणून ती नावं कुणाच्या लक्षात नाहीत. २००३ ला सार्स आणि २०१२ ला मर्स येऊन गेल्यावर सरावासाठी कोरोनाविषाणू निवडणं यातही नवल नव्हतं. मोजणीदारांच्या तिसऱ्या दाराचं हे उत्तम उदाहरण: ज्या धोक्यामुळे सराव झाला, तोच धोका खरा ठरला.

---

निळी शाई

हे उदाहरण पटलं. पण मग उलट बाजूनेही लिहा. सरकारं, न्यायालयं, पोलीस हेही योगायोगाला कट समजतात, आणि त्यांच्या हातात तुरुंग असतो. सामान्य माणसाच्या भ्रमापेक्षा मला त्याची भीती जास्त वाटते.

---

मोजणीदार

@निळी शाई, त्यावर लिहायचंच होतं. मला या विषयात सर्वांत जास्त अस्वस्थ करणाऱ्या दोन कहाण्या तिथल्याच आहेत.

इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या वकील बाईंची दोन बाळं १९९६ आणि १९९८ मध्ये दगावली. खटल्यात रॉय मेडो या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की अशा घरात दोन बाळं आपोआप दगावण्याची शक्यता ७.३ कोटींत एक. हा आकडा ८,५४३ ला ८,५४३ ने गुणून काढलेला होता, जणू एकाच घरातल्या दोन भावंडांच्या मृत्यूंचा आनुवंशिकतेशी किंवा परिस्थितीशी काही संबंधच नाही. त्याहून मोठी गफलत अशी की आईने आपली दोन्ही बाळं मारणं किती दुर्मीळ असतं, हा प्रश्न आकड्याच्या शेजारी ठेवलाच गेला नाही. दोन दुर्मीळ गोष्टींतली एक घडलेली आहे, हे आधीच ठरलेलं होतं. प्रश्न होता कुठली. १९९९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या संख्याशास्त्रज्ञांच्या ब्रिटिश संस्थेने त्या आकड्याबद्दल जाहीर आक्षेप घेतला. एका बाळाच्या चाचण्यांचे अहवाल बचावपक्षाला दिलेच नव्हते, हेही पुढे आलं आणि २००३ मध्ये त्या सुटल्या. त्यातून त्या सावरल्या नाहीत. २००७ मध्ये गेल्या.

दुसरी नेदरलँड्समधली परिचारिका, लुसिया दे बेर्क. तिच्या पाळीत मृत्यू फार होतात असं सहकाऱ्यांना वाटलं. न्यायालयात आकडा आला ३४.२ कोटींत एक. २००३ मध्ये जन्मठेप. संशय एकदा बसल्यावर घटनांची यादी कशी बनली ते बघा: ती हजर असताना झालेला मृत्यू 'संशयास्पद' धरून पुन्हा तपासला गेला, ती नसतानाचा 'नैसर्गिक' म्हणून तसाच राहिला. म्हणजे मोजणीच्या आधी निकाल लागलेला. ती त्या वॉर्डात येण्याआधीच्या तितक्याच काळात तिथे मृत्यू कमी नव्हते. रिचर्ड गिल आणि इतर संख्याशास्त्रज्ञांनी हिशोब नीट मांडला तेव्हा ३४ कोटींचा आकडा वितळून पंचवीसात एकच्या आसपास आला. एखाद्या देशातल्या हजारो परिचारिकांमध्ये अशा कितीतरी असणार. २०१० मध्ये ती निर्दोष सुटली.

या दोघींच्या बाबतीत खोलीतले लोक अडाणी नव्हते. डॉक्टर, वकील, न्यायाधीश होते.

---

भरती ओहोटी

लुसियाचं वाचून सुन्न झाले. मग यावर उपाय काय केला कुणी? की पुढच्या वेळी पुन्हा तेच?

---

पडताळा

रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २०२२ मध्ये खास याच विषयावर अहवाल काढला: रुग्णालयात मृत्यू अचानक वाढले आणि एकाच कर्मचाऱ्यावर संशय आला, तर तपास कसा करावा. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मृत्यू संशयास्पद होता की नाही हे जो डॉक्टर ठरवणार, त्याला त्या वेळी पाळीवर कोण होतं हे कळता कामा नये. आधी प्रत्येक मृत्यूचा निर्णय लिहून टाकायचा, आणि मगच हजेरीपट उघडायचा.